रिपोर्ट नॉर्मल

म्हात्रे पुलावरून उतरताना समोरची रिक्षा अचानक वळली. इंडिकेटर नाही, हात नाही. मनात आलं आणि वळली. ताईनं करकचून ब्रेक दाबला, पावसानं निसरड्या झालेल्या रस्त्यावर ॲक्टिव्हाचं मागचं चाक सरकलं आणि गाडी तिरकी होऊन दुभाजकाला टेकली. मागून येणारी पीएमटी आमच्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. मागे मी बसलो होतो. बसच्या पुढच्या पत्र्यावरचे चिखलाचे ओघळ, एका बाजूनं वाकलेली नंबरप्लेट, ब्रेकचा जळका वास, सगळं अगदी नाकासमोर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ताईनं गाडी सरळ केली, ओढणी सावरली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "काका, इंडिकेटर काय मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलाय?" रिक्षावाला हसला, बसचा ड्रायव्हरही हसला. मी हसलो की नाही ते आठवत नाही.

पुढच्या चौकातल्या अमृततुल्यात तिनं दोन स्पेशल सांगितले. पितळी पातेल्यात चहा वर चढत होता, चहावाला ओगराळ्यानं तो उंचावरून परत आत सोडत होता, आणि खलबत्त्यात आलं ठेचणाऱ्या पोराचा ठकठक आवाज माझ्या डोक्यात नको इतका घुमत होता. माझ्या हातात ग्लास आला आणि चहा काठावरून बोटांवर सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. शेवटी टेबलावर ठेवून वाकून घोट घेतला, लहान मुलं घेतात तसा. ताई क्रीमरोल खात होती. पिठीसाखरेचे कण तिच्या ओठाला लागले होते आणि ती कुणाला तरी फोनवर, केटरर बदलायचा की नाही, हे समजावून सांगत होती. फोन झाल्यावर तिचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं.

"लागलं का रे कुठं?"

"नाही."

"मग?"

त्या रात्री ती दहा वाजता झोपली असणार, ती नेहमी दहालाच झोपते. मी अडीच वाजता पंख्याकडे बघत होतो. पोटात गोळा तसाच, कानशिलं गरम, आणि डोळे मिटले की ती वाकडी नंबरप्लेट. दुसऱ्या दिवशी ताईनं हा किस्सा घरात सगळ्यांना सांगितला, रिक्षावाल्याला ऐकवलेल्या वाक्यासकट, आणि सगळे खदाखदा हसले. किस्सा खरंच चांगला झाला होता. मला मात्र तो अजून किस्सा वाटत नव्हता.

आमच्या घरात ही वाटणी फार जुनी आहे. ताई खंबीर, मी हळवा. वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी माझं पोट दुखायचं आणि आजी तळहातावर ओवा-मीठ ठेवायची. त्याच स्पर्धेला ताई भाषण अर्धवट पाठ करून जायची, मधलं विसरायची, तिथं स्वतःचं काहीतरी घुसडायची आणि ढाल घेऊन यायची. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर मी मनाच्या श्लोकांत अडकलो तो प्रसंग आजही एक काका न चुकता काढतात. बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा ताईनं गाडी काढली, हॉस्पिटलच्या खिडकीवर फॉर्म भरला, डिपॉझिट भरलं. मी बाबांच्या चपला हातात धरून उभा होतो. चपला कुणी आण म्हटलं होतं, की मीच उचलल्या, कोण जाणे. अशा गोष्टी साठत जातात आणि त्यांचा स्वभाव होतो. मग लोक म्हणायला मोकळे होतात की बाप्या माणूस असून एवढा काय घाबरतोस, आणि आपणही मनातल्या मनात तेच म्हणायला शिकतो.

त्या पावसाळ्याच्या आधी माझं थकव्याचं, झोपेचं आणि रक्तदाबाचं काहीतरी चालू होतं. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे रक्तातल्या ताणाच्या हार्मोनची तपासणी, करून आणायला सांगितलं. सकाळी आठचंच का, तर हे हार्मोन दिवसभर एकसारखं नसतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते चांगलंच चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. रिपोर्ट आला. नॉर्मल. दोन आकड्यांच्या मधोमध, कुठल्याच कडेला न चिकटता बसलेला एक सज्जन आकडा. मला खरं तर थोडं वाईट वाटलं. काहीतरी चढलेलं निघालं असतं तर निदान 'हे बघा' म्हणून दाखवता आलं असतं. डॉक्टर वयस्कर आहेत, घाईत नसतात. म्हणाले, "हार्मोन व्यवस्थित आहे तुमचं. पण ते ऐकणारे कान कसे आहेत, ते या कागदावर येत नाही." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हे कानांचं काही डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो.

आधी एक गोष्ट बाजूला काढायला हवी. अमृततुल्यात जे हात थरथरत होते ते ॲड्रिनॅलिनचं काम. ते काही क्षणांत येतं आणि लवकर ओसरतं. कॉर्टिसॉल सावकाश निघतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी रक्तातून मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. लाळेत मोजलं तर ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस-तीस मिनिटांनी ते टोकाला पोहोचतं. म्हणजे ताई क्रीमरोल संपवून बोटं पुसत होती तेव्हा कुठे आम्हा दोघांच्याही रक्तात ते चढत असणार. तिच्याही. हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. तिच्या शरीरानंही घंटा वाजवली असणार. प्रश्न ती कधी थांबली, हा आहे.

थांबवण्याचं काम पुन्हा कॉर्टिसॉलच करतं, ही यातली मजा. ते मेंदूपर्यंत परत जातं, तिथल्या रिसेप्टरना, म्हणजे डॉक्टर म्हणाले त्या ऐकणाऱ्या कानांना, चिकटतं आणि त्यांच्यामार्फत सांगतं की आता पुरे, नवीन पाठवू नका. हे रिसेप्टर दोन जातीचे. १९८५ मध्ये रूल आणि डी क्लूट या डच संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत ते वेगवेगळे करून दाखवले. आमच्या जुन्या वाड्यात दोन आज्या होत्या, एक माझी सख्खी आणि एक शेजारची. एकीला माजघरात बसून दिंडी दरवाजातली कुजबुज ऐकू यायची, दुसरीला चौकातून तीनदा हाक मारल्याशिवाय 'ओ' येत नसे. पहिल्या जातीचे रिसेप्टर, मिनरलोकॉर्टिकॉइड नावाचे, माझ्या आजीसारखे. त्यांची कॉर्टिसॉलला पकडण्याची ताकद दुसऱ्यांच्या सुमारे दहापट, त्यामुळे एरवीच्या शांत वेळेतल्या थोडक्या हार्मोननंही ते भरलेले असतात. दुसरे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. त्यांना जोरात हाक लागते. पहाटेचा चढ किंवा अंगावर येणारी पीएमटी, अशा वेळी पातळी वाढली की ते जागे होतात, आणि 'पुरे'चा निरोप मुख्यतः यांच्याकडून जातो. आता या दुसऱ्या आजीचे कान एका घरात थोडे जास्त जड असतील आणि दुसऱ्या घरात थोडे तिखट, तर हाक तीच असून दोन घरांतला गोंधळ वेगवेगळा वेळ चालणार.

असे कमी-जास्त तिखट कान माणसं जन्मतःच घेऊन येतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचं जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे. माणसातल्या या रिसेप्टरची बांधणी रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेनं १९८५ मध्येच उलगडली. त्याचं मुख्य रूप ७७७ अमिनो आम्लांची एक साखळी आहे. काही मोजक्या लोकांत त्या साखळीतल्या ३६३व्या जागी अ‍ॅस्परॅजीनच्या ऐवजी सेरीन बसलेलं असतं. एवढाच फरक, ७७७ पैकी एक मणी. रॉटरडॅमच्या संशोधकांनी अशा लोकांना रात्री डेक्सामेथासोनचा अगदी लहान डोस दिला, पाव मिलिग्रॅम, आणि सकाळी त्यांचं स्वतःचं कॉर्टिसॉल किती खाली गेलं ते मोजलं. डेक्सामेथासोन म्हणजे करोनात घरोघर पोहोचलेलं 'डेक्सा', तेही याच रिसेप्टरला धरतं. या मंडळींचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त पडलं. त्यांच्या कानाला तेवढी हळू हाकही पुरली. त्याच जनुकात २२व्या आणि २३व्या जागी होणारा आणखी एक बदल आहे, त्याच्या धन्यांना उलट हाक कमी ऐकू येते. आणि गंमत म्हणजे या कमी ऐकणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनचं गणित इतरांपेक्षा चांगलं निघालं. कारण कॉर्टिसॉल फक्त मेंदूशी बोलत नाही. ते यकृताला साखर बनवायला लावतं, पोटाभोवती चरबी साठवायला लावतं, हाडांना झिजवतं, प्रतिकारशक्तीला गप्प करतं. तिथं थोडं दुर्लक्ष झालेलंच बरं. करोनाच्या काळात आमच्याच इमारतीत त्याच गोळीनं एकाची साखर तीनशेच्या वर गेली आणि दुसऱ्याला फक्त भूक जास्त लागली. त्याची कारणं दहा असतील, पण त्या दहांत हे एक बसायला हरकत नाही.

एव्हाना मला ताईच्या पाचव्या गुणसूत्रात डोकवावंसं वाटायला लागलं होतं. भावंडांची जनुकं सरासरीनं निम्मीच सारखी असतात. आईच्या दोन प्रतींतली एक तिला गेली, दुसरी मला आली, असं सहज होऊ शकतं. म्हणजे पोटात गोळा येणं हा माझा दुबळेपणा नसून बाराखडीतल्या एका अक्षराची अदलाबदल आहे? पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटलं. आणि लगेच रागही आला. मग मी इतकी वर्षं जे काही धैर्य बांधत आलो, स्टेजवर पुन्हा उभा राहिलो, ऑफिसात शंभर माणसांसमोर बोलायला शिकलो, त्याचं काय? ते कुणाच्या खात्यावर?

ताण मोजायची एक प्रसिद्ध पद्धत आहे. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये किर्शबाउम, पिर्के आणि हेलहॅमर यांनी ती बसवली. माणसाला एका खोलीत बोलावतात. समोर पांढरे कोट घातलेली समिती. तिला सक्त ताकीद असते की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, 'छान' म्हणायचं नाही. तयारीला थोडा वेळ देतात, मग पाच मिनिटं स्वतःबद्दल बोला, नोकरीसाठी आला आहात असं समजून. ते झालं की पाच मिनिटं गणित. १०२२ मधून १३ वजा करत जा, मोठ्यानं. १००९, ९९६, ९८३. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. अधूनमधून लाळेचे नमुने. पुण्यात ही चाचणी करायची तर समितीला वेगळं प्रशिक्षण द्यावं लागणार नाही, दुपारी एक ते चारच्या दरम्यान कुठल्याही जुन्या दुकानाच्या गल्ल्यावरून तीन माणसं उचलून आणली तरी भागेल. पण थट्टा बाजूला ठेवली तरी ही चाचणी वाचताना माझ्या तळहाताला घाम आला होता, हे खरं.

२००४ मध्ये ट्रियरमध्येच निरोगी पुरुषांना या खोलीत बसवून त्यांची रिसेप्टरची जनुकंही तपासली. आणि इथं माझं आज्यांचं गणित गडबडलं. रिसेप्टर जनुकातल्या आणखी एका बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं, ते ठीक, तिखट कानांनी लवकर 'पुरे' म्हटलं असणार. पण ३६३व्या जागेवाले, ज्यांचे कान तिखट म्हणून नुकतेच सिद्ध झाले होते, त्यांचं कॉर्टिसॉल जास्त चढलं. गोळीला एक उत्तर आणि समितीला दुसरंच. २००७ मध्ये त्याच गटानं बायकांनाही घेतलं तर दोन्ही प्रतींवाला तो बदल पुरुषांत एका दिशेला आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत बरोबर उलट्या दिशेला झुकला. हे वाचून एखादा निराश होईल. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की ही माणसं खरं सांगताहेत. शरीर हे काही बारा-चौदा ओळींच्या जाहिरातीत मावणारं प्रकरण नाही.

जाहिरात म्हणण्याचं कारण, असलं वाचायला लागल्यावर माझ्या फोनला सुगावा लागला. 'तुमचं स्ट्रेस जीन ओळखा, फक्त एका लाळेच्या नमुन्यातून.' खाली सवलतीची मुदत, तीसुद्धा सेकंदांत घटणारी, म्हणजे ताण इथूनच सुरू. मी घेतलं नाही. २०१४ मध्ये बारा हजारांहून जास्त लोकांची सगळी जनुकं चाळून सकाळच्या कॉर्टिसॉलशी ताडून पाहिली, तेव्हा ठळकपणे वर आली ती चौदाव्या गुणसूत्रावरची एक जागा. ती रिसेप्टरची नव्हतीच. रक्तातून कॉर्टिसॉलला पाठीवर घेऊन फिरणाऱ्या प्रथिनाची होती. आणि तिनंही माणसामाणसांतल्या फरकाचा एक टक्कासुद्धा समजावला नाही. २०१९ मध्ये तर नैराश्याशी ज्यांची नावं वर्षानुवर्षं जोडली गेली होती अशी १८ जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर घासून पाहिली. त्यांतलं एकही, वाटेल ती जनुकं चिठ्ठीनं काढली असती त्यापेक्षा सरस ठरलं नाही. एका अक्षरावर स्वभावाचा सातबारा लिहून देणाऱ्यांनी हे वाचावं. वाचणार नाहीत, त्यांची सवलत संपत आलेली असते.

पण म्हणून कानांची गोष्ट खोटी होत नाही. ती फक्त एकट्यानं पुरत नाही. मला यात आपल्याच गावातलं एक छायाचित्र आठवतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच सांगतो आणि कातडीखाली दोन वेगळी माणसं. माझ्या रिपोर्टवरचा सज्जन आकडा बघताना मला ते दोघं दिसतात. ताईनं तपासणी केली तर तिचाही आकडा बहुधा तिथंच कुठेतरी येईल. लॅबवाला दोघांच्या पाकिटांवर सारखाच शिक्का मारेल.

आईकडे बघितल्यावर मात्र हे सगळं वेगळ्या बाजूनं समजायला लागलं.

ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर एकटा नसतो, पेशीत तो काही मदतनीस प्रथिनांच्या गराड्यात बसलेला असतो. त्यांतल्या एकाचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे, नाव एफकेबीपी५. हे प्रथिन रिसेप्टरच्या कानात बोळा घालतं, म्हणजे त्याची कॉर्टिसॉलला धरण्याची ताकद कमी करतं. आणि कॉर्टिसॉल जास्त झालं की याच जनुकाला आणखी प्रथिन बनवायचा हुकूम जातो. काही लोकांतल्या प्रतीत हा हुकूम जरा जास्तच जोरात पाळला जातो. कान बंद राहतात आणि ताण ओसरायला वेळ लागतो. २००८ मध्ये एलिझाबेथ बाइंडर आणि सहकाऱ्यांनी अटलांटामधल्या एका सरकारी इस्पितळात येणाऱ्या, बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय अशा सुमारे नऊशे लोकांकडे पाहिलं. या जनुकाच्या प्रती एकट्यानं फारसं काही सांगत नव्हत्या. पण ज्यांचा लहानपणी छळ झाला होता त्यांच्यात, मोठेपणी तो धसका किती खोल उरला, हे त्या प्रतीप्रमाणे बदलत होतं. २०१३ मध्ये त्यांच्याच गटानं दाखवलं की ठरावीक प्रत असेल तर लहानपणीचा आघात त्या जनुकावरचे रासायनिक ठसे पुसून टाकतो, आणि ते पुसलेले राहतात. अक्षर जन्माचं, पण ते किती मोठ्यानं वाचायचं हे बालपण ठरवतं.

आई दहा वर्षांची होती आणि मावशी सात, तेव्हा पानशेत फुटलं. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतल्या वाड्यात दुपारी पाणी शिरलं, मातीच्या भिंती ढासळल्या. आजोबांनी दोघींना दोन हातांना धरून टिळक रस्त्याच्या दिशेनं पळवलं. एकच पूर, एकच हात, एकाच ताटात नंतर कुणाच्या तरी घरी वाढलेला आमटी-भात. आईला त्यातला वास आठवतो. पाणी ओसरल्यावर घरी गेल्या तेव्हा कणगीतलं ज्वारी-तांदूळ भिजून कुजलं होतं. गाळात माखलेल्या देव्हाऱ्यातून आजीनं बाळकृष्ण उकरून काढला आणि तो धुताना आजीचे हात कापत होते, हे ती बारीक आवाजात सांगते. मावशीला शाळेला सुट्टी आठवते. आणि एका जवानानं ट्रकवर बसवून दिलेली बिस्किटं. मावशीनं खोटं सांगितलेलं नाही, तिला खरंच बिस्किटंच आठवतात.

तेव्हापासून जून लागला की आईची एक पिशवी कपाटावर जाते. जाड प्लॅस्टिकची, आत रेशनकार्ड, घराचे कागद, बाबांचा मृत्यूचा दाखला, बॅटरी, मेणबत्त्या, काडेपेटी वेगळ्या डबीत. आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. इथं पाणी आलं तर पुणं उरणार नाही, हे ताईनं तिला अनेकदा हिशेबासकट सांगून झालंय. आई मान डोलावते आणि मेणबत्त्या मोजते. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं हे तिला वर्तमानपत्राच्या आधी माहीत असतं. भिडे पूल पाण्याखाली गेला की लोक फोटो काढायला जातात. आमच्या घरात त्या दिवशी आई जेवत नाही, नुसता ताकभात चिवडत बसते. मावशीनं लग्नानंतर सिंहगड रस्त्याला घर घेतलं. तळमजला, नदीच्या बाजूची खिडकी. हवा फार छान येते म्हणते. आई तिथं पावसाळ्यात कधी मुक्कामाला गेली नाही.

आईचं एफकेबीपी५ कुणी तपासलेलं नाही, तपासणारही नाही. दोघी बहिणींतला फरक कुठल्या अक्षराचा, दहा आणि सात या वयांतला, का देव्हारा कुणी पाहिला आणि ट्रकवर कोण बसलं याचा, हे वेगळं करायला कुठलीच लॅब पुरी पडणार नाही. मॉन्ट्रिअलच्या मायकेल मीनी यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं होतं की ज्या उंदरीणी पिलांना जास्त चाटतात त्यांच्या पिलांच्या मेंदूत हे रिसेप्टर जास्त तयार होतात आणि ती पिलं लवकर शांत होतात. पिलांची अदलाबदल केली तर परिणामही आईबरोबर बदलतो. ते वाचताना मला आजी आठवली, माझ्या तळहातावर ओवा ठेवणारी. तीच आजी, जिचे हात त्या गाळात कापत होते. तिनं आईला तेव्हा जवळ घेतलं असेल का, की तिला तेवढी उसंतच मिळाली नसेल? आईला विचारायचं धाडस झालं नाही.

२०२४च्या जुलैत, २४ तारखेच्या रात्री आईनं मावशीला फोन केला. "सामान वर उचल आणि इकडे ये." मावशी म्हणाली, "अक्का, झोप आता, दरवर्षीचं आहे तुझं." पहाटे एकतानगरीच्या बाजूला पाणी शिरलं. मावशीच्या घरात गुडघाभर, मग कमरेएवढं. शेजारच्या मुलांनी तिला वरच्या मजल्यावर नेलं, दुपारी होडीतून बाहेर काढलं, आणि संध्याकाळी ती आमच्या हॉलमध्ये ताईचा गाऊन घालून थालीपीठ खात होती. वय सत्तर. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, कपाटातले फोटो गेले. "होडीतला मुलगा किती गोड होता गं," असं म्हणत तिनं दही मागून घेतलं. रात्री साडेदहाला ती सोफ्यावर घोरत होती. आई खुर्चीत बसून मोबाइलवर विसर्गाचे आकडे बघत होती, पाऊस थांबला होता तरी.

ताई म्हणते, दरवर्षी इशारा देणाऱ्याचं एखाद्या वर्षी खरं ठरणारच, त्यात नवल ते काय. मला ते पटतं, आणि पटतही नाही. त्या एका पहाटेसाठी आईनं साठ-बासष्ट पावसाळे ताकभात चिवडला, हा सौदा कुणी सांगितला तरी मी करणार नाही. पण मावशीनं ऐकलं असतं तर फोटो वाचले असते. दोघींपैकी कुणाचे कान बरोबर, हे त्या दिवशी विचारलं असतं तर मी एक उत्तर दिलं असतं आणि त्याच्या आदल्या वर्षी दुसरं.

चौथ्या दिवशी मावशी गाळ काढायला निघाली. खराटा, फिनेल, जुनी पातळं, सगळी जय्यत तयारी. दारात चप्पल घालता घालता तिनं कपाटावरच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, पुढच्या वर्षी माझे घराचे कागदपण त्यात टाक."

आई म्हणाली, "झेरॉक्स दे. ओरिजिनल तुझे तू सांभाळ."